बावीस वाव खाली

आमच्या कालिम्नोस या ग्रीक बेटावरचे पुरुष समुद्रतळाचे स्पंज काढतात, नाहीतर गलबतांवर जातात. मी स्पंज काढायचो. १९११ सालचा जून होता. भर दुपारी वारा पडलेला, आणि आमचा नांगर खाली कशात तरी अडकला.

"साकेलारिस, जा, सोडवून ये," आमच्या नावेचा तांडेल थेमेलिस म्हणाला. "तुझ्या सासऱ्यानं धरून ठेवलाय बघ!"

सगळे हसले. म्हाताऱ्या मिकेसनं माझ्या डोक्यावर पाणबुड्याचा तांब्याचा टोप चढवून घट्ट आवळला. माझ्या कमरेची दोरी कायम त्याच्याच हातात असायची. वरून एक हिसका म्हणजे 'बरा आहेस ना?' मी उलट एक दिला की 'बरा आहे.'

बावीस वाव, म्हणजे सव्वाशे फुटांहून खाली, उजेड मळकट हिरवा असतो. नांगर एका गलबताच्या कठड्यात रुतला होता. गलबत सरळ उभं होतं, धक्क्याला लागल्यासारखं. मागच्या फळीवरच्या नावावरचं शेवाळ मी हातानं पुसलं.

'अगिया थेक्ला.'

दोन हिवाळ्यांपूर्वी हे गलबत निघालं ते पोचलंच नव्हतं. एक फळीसुद्धा कुणाला सापडली नव्हती. त्यावर माझ्या बहिणीचा, कालोतिनाचा नवरा होता. ती विधवेचे काळे कपडे घालायला तयार नव्हती. "मी रडून मोकळी व्हायचं, आणि तो दारात उभा राहिला तर, दादा?" असं म्हणायची.

त्याची एखादी वस्तू मिळाली तर न्यावी, म्हणून मी मालाच्या कोठाराच्या तोंडाशी वाकलो. आत नुसती शाई. टोपात माझाच श्वास घुमत होता...

दोरीला हिसका बसला. मी उत्तर दिलं. लगेच दुसरा. पुन्हा उत्तर दिलं. तिसरा... चौथा... मिकेसचा हात मी झोपेतही ओळखला असता. हे हात त्याचे नव्हते. एक दांडगा, एक चाचरत, एक अगदी हळुवार. प्रत्येक हिसका निराळ्या माणसाचा. मी अकरा मोजले.

मग खाली पाहिलं. दोरीला झोल पडून ती कोठाराच्या तोंडातून आत गेली होती. आणि आतून ताठ झाली होती.

मी किंचाळलो असेन. पुढचं आठवतं ते ऊन, आणि टोप काढणारा मिकेसचा पांढराफटक चेहरा.

"सारखा 'बरा आहे, बरा आहे' करत होतास," तो पुटपुटला. "मी एकदाही विचारलं नव्हतं रे... म्हणून ओढून घेतलं तुला."

थेमेलिसनं छातीवर क्रूस काढला आणि नांगराचा दोर तोडला.

बेटावर परतल्यावर मी सगळं सांगितलं. कालोतिनानं अखेर काळं नेसलं. चर्चमध्ये मृतांसाठी गहू शिजवून आणले. पाद्रीबाबांनी गलबतावरच्यांचं एकेक नाव वाचलं. वाचून झालं, तरी कुणी हलेना.

नावं बारा होती.

"दादा..." कालोतिना माझ्या कानाशी म्हणाली, "मोजताना चुकला नाहीस ना?"

"नाही."

"मग कोण नव्हतं तिथं?"

बारा घरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. आठवड्याभरात एकीच्याही अंगावर काळं उरलं नाही. आता कुठलंही शीड दिसलं की बाराही जणी धक्क्यावर धावतात. मी धावू देतो. खरं सांगितलं तर विचारतील, मग तो बारावा आता कुठं आहे?

त्याच उन्हाळ्यात एकदा मिकेस पाणी आणायला गेला होता. मी नावेवर एकटाच बसलो होतो. दोरीचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं समोर फळीवर मोकळं पडलेलं. कुणाच्याच हातात नाही.

बारावा हिसका तेव्हा बसला. अगदी जवळून.

आणि मी... सवयीनं उलट एक दिला.