नाकारायचं राहिलेलं

घरात तिला सगळे 'वकीलीण' म्हणायचे. वाद घालायला तिला विषय लागत नसे. समोर माणूस असला की पुरे! म्हणून काकांनी बाबांवर दिवाणी दावा ठोकला, तेव्हा आईने कोर्टाचे कागद सरळ तिच्यापुढे सरकवले.

"घे बाई. आजवर आमचं डोकं खाल्लंस, आता कोर्टाचं खा."

दावा सुतारकामाच्या कारखान्याचा होता. आजोबांनी तो दोन्ही भावांच्या नावावर ठेवलेला, आणि काकांना तो एकट्याला हवा होता. कारण काय, तर म्हणे धाकटा भाऊ हिंसक आहे, त्याला कारखान्यात पाऊल टाकू देऊ नये. हिंसक! तिचे बाबा म्हणजे मुंगीलासुद्धा 'जरा सरक गं' म्हणणारे. पण उत्तर दिलं नाही तर कारखाना जाणार, आणि कारखान्याविना बाबा म्हणजे पात्याविना रंधा.

कोर्टाच्या मदतखिडकीत जाड चष्म्याच्या बाई बसत. त्यांनी उत्तराचा छापील फॉर्म दिला आणि रिकाम्या चौकटींवरून बोट फिरवलं.

"याला कैफियत म्हणतात. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्यायचं. कबूल की नाकबूल, आणि नाकबूल तर का. 'सगळं खोटं आहे' असं मोघम लिहू नकोस. जे नीट नाकारलं नाही, ते घडलं असं कोर्ट धरतं."

"घडलेलं नसलं तरी?"

"कोर्ट काय तिथे बघायला आलं होतं?" बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातल्या बाकावर बसून तिने फॉर्म भरला. पहिले तीन परिच्छेद नावागावाचे, घरादाराचे, नात्यागोत्याचे. त्यात काय भांडायचं? तिने प्रत्येकाच्या पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि टकाटक तीनदा 'कबूल' लिहिलं. चौथ्यात मात्र हिश्श्याचा प्रश्न होता. तिथे तिने असं काही लिहिलं की स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली.

पाच, सहा आणि सात वाचून तिला हसूच फुटलं. प्रतिवादीने वादीच्या कुत्र्याचं डोकं हातोड्याने फोडलं. प्रतिवादीने वादीची बोटं शिकंज्यात घालून पिळली. प्रतिवादीने वादीच्या मानेत पटाशी खुपसली. आणि तो कुत्रा बाहेर जिवंत बसून स्वतःचंच शेपूट पकडत होता! काका दोन्ही घरांच्या सामाईक फाटकावर बोटांनी ताल धरून उभे होते, मान शाबूत. तिने तिन्हींना मिळून एकच झणझणीत ओळ लिहिली: 'हे सगळं धादांत खोटं असून वादीने चोराच्या उलट्या बोंबा मारू नयेत.'

बाबा हात पुसत आले. कारखान्यातून घरात जाणाऱ्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाला त्यांनी पटाशीच्या टोकाने कोरलेल्या. तिथेच टेकून ते हसले.

"कुठे सही करू, वकीलीणबाई?"

कोर्टात बाईंनी फॉर्म न वाचता शिक्का मारला. ठप्प.

ती नाचतच घरी आली. फाटकात तिचा पाय घसरला.

कुत्रा आडवा पडला होता. डोकं एका बाजूने आत गेलेलं, जणू कुणी मातीचं मडकं ठेचावं. एक डोळा पायरीवर होता. काकू शेजारी बसून त्याची पाठ थोपटत होत्या.

"काकू, कुणी केलं हे?"

काकूंनी वर पाहिलं. "आपण कोण?"

धक्क्याने भान गेलं असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात कारखान्यातून काकांची किंकाळी आली.

लाकूड आवळायच्या शिकंज्यात काकांचा हात होता. बाबा दांडा फिरवत होते, सावकाश, डिंक लावलेला सांधा आवळताना फिरवतात तसा. वाळकी पट्टी मोडावी तसा आवाज झाला. मग दुसरा. शिकंज्याच्या जबड्यांमधून रक्त बाकावर उतरलं, भुशात मुरलं. काका गुडघ्यांवर कोसळले, हात मात्र वरच अडकलेला. बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम नीट झालंय का, एवढंच ते वाकून पाहत होते.

"बाबा! सोडा त्यांना!"

बाबांनी पटाशी उचलली. अंगठ्याने धार पाहिली.

पाच झालं. सहा झालं.

तिने दप्तरातला जादा फॉर्म ओढून काढला. पहिल्या चारांसमोर जुनीच उत्तरं खरडली. पाच, नाकबूल, कुत्र्याला कुणीही मारलेलं नाही. सहा, नाकबूल, वादीची बोटं धडधाकट आहेत. सात, नाकबूल, नाकबूल, प्रतिवादीने असा वार केलेला नाही. काकांच्या मानेवर पटाशीचं टोक टेकलं होतं. तिने कागद मध्ये घातला.

"सही करा आधी!"

कागद दिसताच बाबांनी पटाशी खाली ठेवली. माल उतरवून घेताना करतात तशी निमूट सही करायला वाकले.

"कुठे करू, मॅडम?"

ती धावली. खिडकीची झडप अर्धी उतरली होती.

"दुरुस्त कैफियत?" बाई म्हणाल्या. "आज घेते. उद्यापासून न्यायाधीशांसमोर अर्ज लागेल, प्रतिवादीने स्वतः येऊन केलेला. पहिले चार तेच ना?"

"तेच! मारा ना शिक्का!"

ठप्प.

फाटकाशी काका बोटांनी ताल धरत उभे होते. दाही बोटांनी. तिला त्यांचा पापा घ्यावासा वाटला. कुत्रा जिवंत होता, आणि तिच्यावर भुंकत होता.

तो तिच्यावर कधीच भुंकत नसे.

"हाड!" काका त्याला म्हणाले, मग तिला, "काय हवंय?"

ती आत गेली. बाकावर रक्त नव्हतं. बाबा दाराच्या चौकटीला रंधा मारत होते. खालच्या रेघा गेल्या होत्या.

"बाबा?"

ते थांबले. "कोणाकडे आलात?"

"कोण आहे हो?" आतून आईचा आवाज.

"कोर्टातली कुणी मुलगी आहे. मघाशी सही घेऊन गेली ती."

तिने दाव्याची प्रत उघडली. परिच्छेद दोन. पहिली ओळ, प्रतिवादी पत्नीसह या घरात राहतो. दुसरी ओळ तिने वाचलीच नव्हती.

'प्रतिवादीस मूलबाळ नाही, व कधीही झालेले नाही.'

खाली फॉर्मची प्रत. तिचंच गोलगोल अक्षर. कबूल.

ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी, ताठ. शेवटची रेघ बरोबर तिच्या डोक्याला लागली.

"बघा ना, बाबा. बघा."

बाबांनी वाकून रेघेवरून बोट फिरवलं.

"ही खोल गेलीय, रंध्याने जायची नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पटाशी उचलली.