पितळी गोळा

माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. आणि 'मी' लिहिलं की माझा हात अडखळतो, म्हणून 'तो' लिहितो.

त्या दिवशी तो दुकानात जळलेल्या पंख्याला नवी तार गुंडाळत बसला होता. मालक टेबलावरूनच ओरडला, "रेल्वेमंत्री! फोन आहे तुमचा."

दुकानात सगळे हसले. दर रविवारी हा वही घेऊन रुळांवरच्या पादचारी पुलावर उभा राहतो आणि खालून जाणाऱ्या इंजिनांचे नंबर लिहितो, हे सगळ्यांना माहीत होतं. कशासाठी लिहितो हे मात्र आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं, त्याला स्वतःलाही.

फोनवर काकू होत्या. मास्तरांच्या पत्नी.

"मोबाइल उचलत नाहीस, म्हणून दुकानात केला. ती मागच्या खोलीतली गाडी एकदाची घेऊन जा बाबा. मला एकटीला आता सहन होत नाही."

"क... काय झालं, काकू?"

"ये तर खरा. आणि सहाच्या आत ये."

त्याने फोन ठेवला आणि खिशात हात घातला. गोटीएवढा पितळी गोळा होता तिथेच. चार महिने तो रोज सकाळी शर्ट बदलायचा आणि गोळा या खिशातून त्या खिशात जायचा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनचे. त्यांच्या स्टेशनाकडे जाणारा रेल्वेचा फाटा बंद झाला, रूळ गंजले, तेव्हा त्यांनी तो सगळा मार्ग घराच्या मागच्या खोलीत फळ्यांवर बांधला. काड्यापेटीएवढं स्टेशन, बोटभर उंच सिग्नल, पूल, एक इंजिन आणि तीन डबे. दोघांची ओळख त्या पादचारी पुलावरच झाली. ह्याचं अडखळणं ऐकून मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तू पॅसेंजर आहेस. प्रत्येक शब्दाला थांबा! हरकत नाही, मला कुठे घाई आहे?" तेव्हापासून तो पॅसेंजर. त्याच्याशी इतका वेळ थांबून बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं.

एकेरी मार्गावर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून एक नियम असतो. गोळा एकच. तो ज्याच्या हातात, मार्ग त्याचा. गाडी पोचली की गोळा स्टेशनातल्या पेटीत परत बसवायचा, मगच मार्ग मोकळा होतो आणि पुढची गाडी सोडता येते. मास्तर हा नियम खेळण्यातल्या गाडीलाही लावत; तशी पेटी आणि घंटी त्यांनी फळीच्या कडेला बसवली होती. घंटीचे ठोकेही ठरलेले होते. दोन म्हणजे 'गाडी येऊ का?' उत्तराचे दोन म्हणजे 'येऊ दे.' तीन म्हणजे 'पोचली.'

चार महिन्यांपूर्वी सहा-दहाची गाडी पुलावर आली असताना मास्तरांना धाप लागली. धावपळ, रिक्षा, दवाखाना. गोळा पॅसेंजरच्या खिशात राहिला.

पुढच्या रविवारी घरी आलेल्या मास्तरांचा निरोप आला. "गाडी मधेच उभी आहे. ये आणि पोचव." तो गेलाही होता. दाराबाहेर चपलांचा हा ढीग, आत नातेवाइकांची बोलणी. एवढ्या लोकांत जाऊन काय बोलायचं? तो चपला न काढताच माघारी फिरला. सोमवारी मास्तर गेले.

आज दाराबाहेर फक्त काकूंच्या चपला होत्या.

"चार महिने तोंड दाखवलं नाहीस," काकू म्हणाल्या. "मला वाटलं तूही मोठा माणूस झालास."

त्याने मान खाली घातली.

"रोज संध्याकाळी ती घंटी वाजते रे. आधी वाटलं उंदीर असेल. पुतण्याला बोलावून वायर कापून घेतली, वीज देणारा तो डबाही काढून टाकला. तरी वाजते. दोनदा वाजते आणि थांबते... कुणी उत्तराची वाट बघत असल्यासारखी."

मागच्या खोलीचं दार उघडल्यावर बंद घराचा आणि मशिनच्या तेलाचा वास आला. खिडकीतून थोडा मावळता उजेड येत होता. फळ्यांवर धूळ साचली होती. स्टेशनच्या छपरावर धूळ, झाडांवर धूळ. गाडी पुलावर होती, त्याने सोडली होती अगदी तिथेच. कापलेली वायर फळ्यांखाली लोंबत होती. त्याने ती हातात घेऊन पाहिली. टोकं एकमेकांपासून वीतभर लांब होती.

मास्तरांच्या खुर्चीत बसायचं त्याला धाडस होईना. तो बाजूला उभा राहिला. काकू दारात थांबल्या.

उजेड हळूहळू विझला. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. रूळ दिसेनासे झाले, मग पूल, मग गाडी.

टिंग... टिंग.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "बघ... ऐकलंस?"

पळावं असं त्याला वाटलं, पण दारात काकू होत्या, आणि एकदा तर तो या घरातून पळालाच होता. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, चाचपडत घंटी शोधली आणि तिच्यावर हळूच मारला. एक. दोन.

येऊ दे.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अंधारात, पुलाच्या बाजूने, रुळांच्या सांध्यांवरून चाकं जाण्याचा बारीक आवाज येऊ लागला. टक-टक... टक-टक... मास्तर म्हणायचे, आवाज ऐकून गाडी कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे. त्याला सांगता येत होतं. पूल संपला. वळण आलं. सिग्नल गेला. आता अगदी त्याच्या पोटासमोर... आणि आवाज थांबला.

त्याने मोबाइलचा दिवा लावला. इंजिन आणि तिन्ही डबे फलाटाला लागले होते. डब्यांच्या छपरांवरची धूळ तशीच होती.

"मास्तर," तो म्हणाला, "उ... उशीर झाला."

पितळी गोळा पेटीत बसवताना खट्‌ असा आवाज झाला. मग घंटी वाजली. तीनदा.

"आज तीन वाजल्या!" काकू कुजबुजल्या. "म्हणजे काय रे?"

"पोचली, काकू."

काकू खुर्चीच्या पाठीला धरून बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अंधारात काय सोडवणार आहेस? उद्या खोकी घेऊन ये." बाकीच्या ठोक्यांचा अर्थ त्याने सांगितला नाही, त्यांनी विचारला नाही. घरी जाताना त्याचा खिसा इतका हलका झाला होता की दोनदा त्याने उगीचच चाचपून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो सायकलला तीन रिकामी खोकी बांधून पोचला. काकूंनी दार उघडलं. चेहरा ताजा होता, केस विंचरलेले.

"कित्येक दिवसांनी गाढ झोपले बघ. पहाटे एकदा तेवढी जाग आली. घंटी वाजली होती, दोनदा."

त्याच्या हातातलं खोकं खाली आलं.

"पण आज भीती नाही वाटली. थोड्या वेळाने परत दोन वाजल्या, मग शांत झालं. आणि उठले तर हे उशाशी. तूच ठेवलास ना काल?"

त्यांच्या तळहातावर पितळी गोळा होता.

काल संध्याकाळीच तो त्याने स्वतःच्या हाताने पेटीत बसवला होता. मार्ग मोकळा झाला होता. पहाटे कुणीतरी 'येऊ का' विचारलं होतं, आणि उत्तर त्याने दिलं नव्हतं. आता गोळा काकूंच्या हातात होता, म्हणजे मार्गही त्यांचाच.

"काकू, तो म... माझ्याकडे द्या."

त्यांनी मूठ मिटली. "असू दे की. छान ऊबदार लागतोय हाताला. तू सोडव तुझी गाडी, मी जरा पडते. डोळे जड झालेत."

त्याने मालकाला फोन करून सांगितलं, आज येत नाही. खोकी बाहेरच राहू दिली. मग त्याने चपला काढल्या, काकूंच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या, आत जाऊन त्यांच्या पलंगापाशी स्टूल ओढलं आणि त्यांची मिटलेली मूठ दोन्ही हातांत धरून बसला.