पहिलं माप

गणिताच्या सरावाचं सॉफ्टवेअर कसं वाटलं, म्हणून शाळेने आम्हा मास्तरांचं मत मागवलं. हनुमंतराव म्हणाले, पोरं नुसती बोटं चालवतात. मी म्हटलं, आपल्या तासाला तीही चालत नव्हती. पण मत द्यायच्या आधी त्याला एकदा गंडवून बघायचं मी ठरवलं. स्टाफरूमच्या साखरेत मीठ मिसळणारा माणूस मी, यंत्राला सोडतो होय?

आमची शाळा तंजावरात, कीळवासलजवळ. कॉम्प्युटरची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दुपारी तिथे पंखा गरम वाराच ढवळत बसतो. मी माझ्या वर्गातल्या हरिप्रसादच्या नावाने सॉफ्टवेअरात शिरलो आणि तो करतो त्याच चुका केल्या. हातचा विसरलो, सहाच्या जागी नऊ टाकले. चौथ्या गणिताला स्क्रीनवर तमिळमध्ये ओळ आली : 'हा हरिप्रसाद नाही. त्याला बसू द्या, सार.'

मी एकटाच खो खो हसलो. इतकी वर्षं शिकवून मला पोरांच्या चुका अशा ओळखता येत नाहीत. खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, हा गडी आपल्यापेक्षा बरा मास्तर आहे.

म्हणूनच शांभवीला वर नेलं. पाचवीतली पोर, आमच्याच मराठी लोकांतली, पापनाशमकडच्या खेड्यातून बसने यायची. तिचा बाप रमण खळ्यावर भात मापायचा. गेल्या सुगीत तो वारला. तेव्हापासून काहीही मोजायला सांगा, हिचं उत्तर एकाने कमी. त्या दिवशीची चाचणी चुकली तर तिला खालच्या वर्गात बसवायचं ठरलं होतं. तिची आई भुवना म्हणाली होती, मग शाळाच नको, घरी राहू दे.

हेडबाई सुंदरीक्का दाराशी बसल्या. मी शांभवीच्या उजवीकडे. डावीकडची खुर्ची रिकामी.

स्क्रीनवर बारा नारळ आले. तिने अकरा दाबलं. नऊ सायकलींच्या आठ.

"अनिरुद्धराव, पुरे आता," अक्का हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात स्क्रीनवर ओळ उमटली. अक्षरं तमिळ, पण भाषा आपली, घरात बोलतो ती मराठी. त्या सॉफ्टवेअरात तमिळ आणि इंग्रजी, दोनच भाषा होत्या.

'पैल्या मापाला काय म्हणतेस गे?'

मला वाटलं, कुणीतरी माझीच खोडी काढतंय. इंटरनेटची वायर काढून पाहिली. ओळ हलली नाही.

"लाभ," शांभवी म्हणाली.

बरोबर होतं. भात मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढे दोन, तीन.

"मग तो धरत नाहीस?" मी विचारलं.

"तो बाबाचा, सार. सोडून ठेवते."

खोलीत कसला तरी वास यायला लागला होता, कोरडा, घशात बसणारा. भाताच्या तुसाचा. अक्का खोकल्या, पदर नाकाला लावला.

'सोडू नको. मोज.'

पुन्हा नारळ आले. बारा. सायकली. नऊ. पोरीचं बोट आता अडखळत नव्हतं, आणि चाचणी संपेपर्यंत एकही उत्तर चुकलं नाही.

"लिहून घ्या अक्का, माझं मत," मी म्हटलं. "दहापैकी दहा. प्रत्येक वर्गात हवं हे."

अक्का डोळे पुसत हसल्या. मी टाळी वाजवायला हात उचलले.

तर आणखी एक प्रश्न आला.

'खोलीत किती जण?'

"हा चाचणीतला नाही," अक्का म्हणाल्या.

शांभवीने बोट उचललं. आधी डावीकडे, रिकाम्या खुर्चीकडे.

"लाभ."

मग माझ्याकडे. "दोन."

दाराशी अक्का. "तीन."

शेवटी स्वतःच्या छातीवर. "चार."

तिने चार दाबलं.

हिरवी खूण आली.