धक्क्यावरचं वझं

कोकणातल्या एका बंदराच्या जुन्या धक्क्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. धक्का कधीच बंद पडलाय, पण तिथं माल वाहणारी बरीच माणसं वेल्ह्याकडच्या वाड्यांमधली. मी भोरच्या कॉलेजात शिकवते, म्हणून त्यांना गाठणं मला सोपं होतं. मार्चमधल्या एका सकाळी सोनबांच्या अंगणात बसून मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला.

सोनबा ऐंशीच्या पुढचे, काटकुळे, बोलायला मोकळे. मुलगा गोरख गोठ्यापाशी कडबा तोडत होता. सून मंगल चहा देऊन उंबऱ्यात बसली. मालाचे पडाव, मुकादम, मासळीच्या जड गोण्या, ऊन झालं की धक्क्याचा दगड कसा पोळायचा, सोनबा रंगून सांगत होते.

"एवढी जड गोणी एकट्यानं कशी घ्यायचात?"

"घ्यायची एकट्यानं. उतरवायची न्हाई. म्होरचा गडी उतरवून घेनार. रीतच व्हती तशी."

"करून दाखवाल? चित्रीकरण करते."

ते उठले. हात मानेमागं नेले, बोटं वाकवली, गुडघे मुडपले आणि रिकाम्या अंगणात चालू लागले. मंगल तोंडाला पदर लावून हसली. दारातल्या तुळशीपाशी मात्र त्यांचे पाय थांबले.

मानेच्या शिरा टरारल्या होत्या. हनुवटीवरून घाम गळत होता.

"आबा, बास झालं. बसा," गोरख म्हणाला.

"उतरवून घ्या."

"काय उतरवू?"

"घ्या म्हनतो न्हवं!"

अंगण नुकतंच सारवलेलं होतं. त्या शेणाच्या वासात आता दुसराच वास मिसळला. भिजल्या गोणपाटाचा, कुजक्या मासळीचा. मंगलचं हसू मावळलं, पण पदर तिनं तसाच धरून ठेवला. म्हणजे तिलाही तो वास येत होता.

गोरखनं वडलांना खांद्याला धरून सरळ करायला पाहिलं. ते तसूभर हलले नाहीत. त्यांना आधार द्यावा म्हणून मी हात पुढं केला. तो त्यांच्या पाठीपर्यंत पोचलाच नाही. वीतभर अलीकडेच कशाला तरी टेकला.

खरखरीत. ओलं.

मी हात मागं घेतला.

सोनबांचा गुडघा जमिनीला लागला. श्वासाची शिट्टी वाजायला लागली.

"अवो, मामा मरतील!" मंगल ओरडली.

गोरख पुढं झाला, त्यांच्याकडं पाठ करून वाकला.

"द्या आबा. माज्या पाटीवर द्या."

सोनबा ताठ उभे राहिले. गोरख कण्हला.

त्याला बसता येईना, निजता येईना. शेजाऱ्याच्या टेम्पोत तसाच ओणवा उभा करून आम्ही त्याला नसरापूरला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पाठ चाचपली. "उसण भरलीय," म्हणाले आणि इंजेक्शन आणायला आत गेले.

ते परत यायच्या आतच गोरख सरळ झाला. लांब श्वास सोडला. मंगल रडायलाच लागली.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"व्हय. घेतलं उतरवून त्यांनी."

"कुणी?"

तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होता.

"बाई, जरा सरका," तो हळू आवाजात म्हणाला. "मागं वझी घिऊन लई जन खोळंबल्यात."

आणि माझ्याकडं पाठ करून पुन्हा वाकला.

माझ्या मागं नुसती भिंत होती.