डाव्या खांद्याचे दुखणे

"माझा भाऊ माफी मागणार नाही," सारिका खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाली. "तुम्हीही तोच सल्ला देणार असाल, तर मी पुढच्या जीपनं परत जाते."

"बसा," अनुपमा म्हणाली. सोळा वर्षे शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काढल्यावर तिने चिखलीत खासगी तपासाचे काम सुरू केले होते. निवृत्त हवालदार रामराव तिचे सहायक.

प्रकरण साधे दिसत होते. शुक्रवारी सकाळी सुलतानपूरच्या शिवारात तुळशीराम या शेतकऱ्याने सारिकाच्या घरच्या शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर बैलगाडी आडवी लावली. सारिकाचा भाऊ धम्मदीप याने ती काढायला सांगितली. तुळशीरामने त्याची कॉलर धरली, धम्मदीपने हात झटकला. तुळशीराम खाली बसला तो उठलाच नाही. प्लीहा फाटून पोटात रक्तस्राव झाला होता. पोलिसांनी लिहिले, पोटात लाथ मारली.

"पंच म्हणतात, माफी माग, रस्त्याचा हक्क सोड, केस हलकी करू," सारिका म्हणाली. "मारलंच नाही, तर माफी कशाची?"

वकिलाने मिळवलेला शवविच्छेदनाचा इंग्रजी अहवाल अनुपमाने पहिल्या ओळीपासून वाचला. डावीकडच्या नवव्या आणि दहाव्या बरगडीला तडा. त्यावरचा काळानिळा डाग कडेने हिरवट-पिवळा. पोटाच्या त्वचेवर तेल. खांद्याला इजा नाही.

सुलतानपुरात तुळशीरामची पत्नी रुखमाबाई भिंतीशी बसली होती. दारात धाकटा दीर भागवत उभा.

"जेवण नीट होतं का त्यांचं?" अनुपमाने विचारले.

"अर्धी भाकर खाल्ली का पोट भरे. तीन राती बसूनच झोपले. आडवं पडलं का डावा खांदा दुखे. मी बाम चोळे."

"कुठे पडले होते का?"

रुखमाबाईने दाराकडे पाहिले. "मले काय माहीत."

बाहेर येताच रामराव कुजबुजले, "खांदा! धम्मदीपनंच हात पिळला असंल."

"रामराव, दिवस मोजा."

भागवतने शेत दाखवले. रानडुकरांच्या राखणीसाठी दगडी बांधाला लागून उंच मचाण होते.

"मजबूत दिसते," रामराव सहज म्हणाले.

"हाव. बुधवारी नवी पायरी टाकली. कोणी पडलं-बिडलं नाही."

"शुक्रवारी तुम्ही कुठे होता?" अनुपमाने विचारले.

"पहाटेच मेहकरले गेलतो. दादा ठणठणीत व्हता."

पोटावरच्या तेलाचा माग काढत शेवटी ती जयमालाकडे गेली. गावात कुणाची बेंबी सरकली की जयमाला पोट चोळून ती बसवत असे.

"शुक्रवारी सकाळी भागवतभाऊ घेऊन आले त्याईले. वजन उचललं म्हणे. एरंडीचं तेल लावून दाबलं. एरवी माणूस रडत येते अन् हसत जाते. हा काऊन पांढरा पडला, मले समजलं नाही बाई."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात सगळे समोरासमोर आले. धम्मदीपला कोठडीतून आणले होते.

"बरगडीवरचा हा डाग शुक्रवारचा असता तर पिवळा पडला नसता," अनुपमा ठाणेदारांना म्हणाली. "त्याला एक दिवस तरी लागतो. म्हणजे मार आधीचा. खालच्या डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते. तिथून झिरपलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागलं की दुखतो डावा खांदा. आडवं झालं की जास्त."

"म्हणून बाम," रामराव हळूच म्हणाले.

"आणि म्हणून बसून झोप. तीन रात्री, म्हणजे मंगळवारपासून. बुधवारी मचाणाची पायरी बदलली गेली. मचाणावरून कोणी पडलं का, हे तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, भागवतराव. तुम्हीच सांगितलंत."

भागवतने मान खाली घातली.

"प्लीहेच्या आवरणानं रक्त तीन दिवस धरून ठेवलं होतं. मंगळवारीच सोनोग्राफी करून त्यांना निगराणीत ठेवलं असतं, तर बहुधा वाचले असते. शुक्रवारी त्याच पोटावर दाब पडला. मेहकरला गेलो म्हणता, पण जयमालाबाईंकडे त्यांना तुम्हीच नेलंत."

"मले वाटलं बेंबीच सरकली," भागवत पुटपुटला. "मी भावाले मारीन का?"

"नाही. तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच नेलंत. पण आळ धम्मदीपवर आला, तेव्हा रस्ता बंद राहील म्हणून गप्प बसलात."

ठाणेदार खाकरले. "समजुतीनं घ्या दोघं. मी याला सोडतो."

"लिहून घ्या, साहेब," रुखमाबाई उठून उभी राहिली. "मंगळवारी ते मचाणावरून बांधावर पडले. यानंच घरी आणलं. बोललीस तर घराबाहेर काढीन म्हणे."

"वहिनी, राहायचं हाय ना घरात?"

"राहीन. घर माह्या नवऱ्याचं हाय. तू मले काढून दाखव."

ठाणेदारांनी पेन उचलले. "जा धम्मदीप, सुटलास."

धम्मदीप हलला नाही. "कोर्टाले पाठवायच्या कागदात 'सोडलं' लिहू नका, साहेब. 'यानं मारलं नव्हतं' असं लिहा. मंग जातो."

ठाणेदारांनी कागद पुढे ओढला. मग तसेच लिहिले.