पट्टीला शिकवलं कोणी?

बेदाणे निवडायला बसली की मनवा गुणगुणायची. एकच सूर, तासन्‌तास. मध्येच हात फडफडायचे, पुन्हा सूर. सतरा वर्षांची स्वमग्न पोर, पण तासगावच्या त्या शेडमध्ये तिच्याइतकी नजर कुणाची नव्हती.

आता तिच्या कपाळाला निवारक पट्टी होती. मेंदूत विजेचं वादळ उठायच्या आत पट्टी उलट लहर सोडून ते विझवायची. चार महिन्यांत एकही फिट नाही. पण सूरही नाही. मनवा ताटाकडे नुसती बघत बसायची.

"फिट थांबली न्हवं? मग आणि काय पायजे तुला, वैनी?" मनवाच्या आईची, उज्ज्वलाची, नणंद सारिका दवाखान्यातही गप्प बसेना.

डॉ. तांबोळींनी पट्टीतली नोंद पडद्यावर आणली. "स्वमग्नतेबरोबर अपस्मार बऱ्याचदा येतो. म्हणून दोन्ही एकच नव्हेत. हिला महिन्याला दोन फिट यायच्या, आणि पट्टीनं रोज साठ झटके विझवलेत! या पट्टीला शिकवलं कोणी?"

सुरुवातीचे पंधरा दिवस घरच्यांनी फिट दिसली की बटण दाबायचं, त्यावरून पट्टी शिकणार, असं ठरलं होतं. उज्ज्वला दिवसभर शेडमध्ये. बटण नणंदेकडे होतं.

"गुणगुणली की दाबलं मी," सारिका ताडकन म्हणाली. "हात झाडले तरी दाबलं. माझ्या पोरीला बघायला पावणं येणार व्हतं. त्यांच्यासमोर हिचं ते ध्यान?"

उज्ज्वलाचं डोकं भणाणलं. "राशीतला काळा बेदाणा काढायला सांगितलेला. तू अख्खी रास उकिरड्यावर ओतलीस!"

पट्टी कोरी करून पुन्हा शिकवावी लागणार होती. तोवर ती काहीच विझवणार नव्हती, आणि नुसत्या गोळ्या मनवाला पुरत नव्हत्या. मागच्या फिटमध्ये ती हौदात पडली होती. तिचे निळे ओठ उज्ज्वलाच्या डोळ्यांसमोर आले.

"कर कोरी! मेली म्हंजे रडत बस," सारिका म्हणाली.

"मी पंधरा दिवस तिच्याजवळून हलणार नाही," उज्ज्वला डॉक्टरांना म्हणाली. "करा कोरी."

"फिट येण्याआधी तिला कळतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोट गच्च धरते."

"मग बटण तिलाच द्या."

पट्टी कोरी झाली, बटण मनवाच्या हातात आलं. थोड्या वेळानं खोलीत बारीकसा सूर उमटला, आणि उज्ज्वलाला रडूच फुटलं.

"झालं सुरू येड्यावानी!" सारिका खेकसली.

सूर तुटला. मनवानं आत्याकडे पाहिलंही नाही. पोटालाही हात लावला नाही. तिनं शांतपणे बटण दाबलं.

"डॉक्टर," उज्ज्वलानं हळूच विचारलं, "पट्टीनं आत्ता झटका म्हणून काय शिकून घेतलं? सूर, की आत्याचं खेकसणं?"