बोरमाळची तिसरी हाक

सहदेव खालापूर फाट्यावर एसटीतून उतरला, तेव्हा त्याच्या खांद्याला स्टुडिओचा टेपरेकॉर्डर होता आणि डोक्यात गरजेपेक्षा जास्त शहाणपण. साल अठ्ठ्याहत्तर, महिना एप्रिल. माणूस चार बुकं शिकला की त्याला आधी गुरूच्या चुका दिसायला लागतात. सहदेव काही त्याला अपवाद नव्हता.

त्याचा गुरू म्हणजे खालापूरचा काळूराम लाऊडस्पीकरवाला. सहदेवनं त्याच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती. झाडावर चढून कर्णे बांधायचे, बॅटरी वाहायची, माईक शिट्टी मारायला लागला की कुठला कर्णा कुठे वळवायचा हे कानानंच ओळखायचं. मग तो मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या वर्गात गेला आणि तिथून कमळाकर साहेबांच्या स्टुडिओत उमेदवारीला लागला. साहेबांनी त्याला सगळ्यात पहिल्यांदा शिकवली ती शांतता. गाण्याच्या आधी एक मिनिट कोणी हलायचं नाही, रिकाम्या जागेची शांतता तेवढी टेपवर घ्यायची. पुढे गाणं कापताजोडताना मधल्या फटीत तीच भरायची. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, असं साहेब म्हणत.

परीक्षेसाठी प्रत्येकानं बाहेर जाऊन एक मुद्रण करून आणायचं होतं. ते साहेबांना पसंत पडलं तर स्टुडिओत कायमची जागा. सहदेवनं आपल्या बहिणीच्या ओव्या घ्यायचं ठरवलं. हिरू एकोणीस वर्षांची. तिनं जात्यावर ओवी धरली की शेजारपाजारच्या बाया हातातलं काम टाकून उंबऱ्याशी येऊन बसायच्या. साहेबांनी हा आवाज एकदा ऐकला की हिरूचंही भलं होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. डोंगरापायथ्याच्या बोरमाळ गावात नव्या शाळेचं उद्घाटन होतं, लाऊडस्पीकर काळूरामचा होता आणि हिरूला गायला बोलावलं होतं. सगळं जुळून आलं होतं.

बोरमाळला काळूरामच्या तीन रीती होत्या. कर्ण्याची पाठ नेहमी डोंगराकडे असायची. माईकवरून कोणाचंही नाव घ्यायचं तर तीनदा. आणि स्वतःच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. हे सगळं त्या गावाच्या चालीला धरून होतं. तिथे एका हाकेला कोणी ओ देत नसे, दोन हाकांनाही नाही. माणूस तीनदा हाक मारतो, दुसरं जे काही असतं ते एकदाच मारतं, असं पोरांना पाळण्यापासून शिकवलेलं. आता हाक तीनदा द्यायची रीत कोकणात आणखीही कुठे असेल, पण बोरमाळला तिचं जे झालं ते दुसरीकडे झालं नाही.

वीस वर्षांपूर्वी श्रावणात, भर दुपारी, डोंगरातल्या कातळवाडीवरून हाक आली. धुक्यात काही दिसत नव्हतं. खाली भातात माणसं थबकली आणि थांबली. दुसरी हाक आली. माणसं तिसरीसाठी थांबली. तिसरी आलीच नाही, दरडीचा आवाज तेवढा आला. वाडीतली एकोणीस माणसं त्याखाली गेली. वेळेवर कोणी ओ दिली असती, धावलं असतं, तर दोन-चार तरी हाताला लागली असती, हे बोरमाळला ठाऊक आहे. म्हणूनच त्या गावात हा विषय कोणी काढत नाही.

सहदेवला हे काळूरामनंच कधीतरी सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्याला वेगळीच अडचण दिसत होती. कर्णा गावाकडे तोंड करून होता, समोर शाळेची कोरी भिंत, आवाज तिच्यावर आपटून उलटा माईकमध्ये येत होता. असं मुद्रण साहेबांनी फेकून दिलं असतं. कर्णा डोंगराकडे वळवू का, असं त्यानं विचारलं, तर काळूराम भडकला. चार दिवस मुंबईत राहून आलास म्हणून मला शिकवतोस का, कर्णा माझा हाय, असं चारचौघांत बोलला. ते सहदेवच्या मनाला लागलं.

बाराच्या सुमारास सगळे जेवायला बसले. मैदान ओस पडलं. सहदेवनं आंब्यावर चढून कर्णा सरळ डोंगराकडे वळवला, खाली उतरला आणि टेप चालू करून रिकाम्या मैदानाची एक मिनिट शांतता घेतली. उन्हात पान हलत नव्हतं. भाताच्या पेजेचा वास तेवढा येत होता.

जेवणं आटोपून लोक येऊन बसले. काळूराम अजून पंक्तीतच होता. स्टुडिओत एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायचं नसतं, टेप वाया जाते. सहदेव माईकवर स्वच्छ आवाजात म्हणाला, आता ओव्या म्हणेल हिरू.

डोंगरावरून प्रतिध्वनी यायला हवा होता, तो आला नाही. सहदेवनं मनात अंक मोजले. पाच, सहा, सात... मग वरून नुसतं एकच नाव आलं.

"हिरू..."

तो बाईचा आवाज होता. थकलेला, आणि रागावलेला.

हिरू पायरी चढत होती. ती परगावची, तिला या गावाची चाल काय माहीत. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "ओ."

ती गायली. इतकी सुंदर ती आयुष्यात गायली नव्हती. पण समोरच्या बायांनी आपल्या लेकरांचे कान झाकले होते आणि म्हातारी पारूबाई पदर सावरत उठून चालती झाली होती. गाणं संपलं तरी एकही टाळी पडली नाही. काळूराम धावत आला, झाडावर चढून त्यानं कर्णा फिरवला, आणि सहदेवकडे बघून जमिनीवर थुंकला.

वाटेनं हिरू बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. आई, आनंदीबाई, तिला छातीशी धरून रडली, तेव्हा हिरूनं तोंड उघडलं, पण आत काहीच नव्हतं. कर्जतच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि तो ठणठणीत असल्याचं सांगितलं. सहदेवला अन्न गोड लागेना. आपण केलं, हे आपण केलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

स्टुडिओत त्यानं टेप लावली. हिरूच्या गाण्याच्या जागी वारा होता आणि कुठल्याशा लेकराचं रडणं. पण गाण्याच्या आधी, रिकाम्या मैदानाच्या त्या एका मिनिटात, हिरू गात होती. खूप लांबून. आणि तिच्यामागे बरीच माणसं दबक्या आवाजात ओवी धरत होती. कमळाकर साहेबांनी डोळे मिटून ती पुन्हा पुन्हा ऐकली. सहदेवची जागा कायम झाली. साहेब म्हणाले, या मुलीला घेऊन ये.

त्यानं हिरूला नेलं ते बोरमाळला. काळूरामचे पाय धरले. काळूरामनं शिव्या घातल्या, पण बॅटरी काढली. दुपारी बाराला त्यांनी कर्णा डोंगराकडे बांधला. काळूरामनं कानांत कापूस घातला आणि दोन बोळे सहदेवपुढे धरले. ते त्यानं घेतले नाहीत. ऐकायला नको होतं तर तो आला कशाला असता?

त्यानं माईकवरून तीनदा हाक मारली. हिरू, हिरू, हिरू.

"ओ... दादा," डोंगरावरून आलं. आवाज हिरूचा होता. हिरू त्याच्या शेजारी ओठ मिटून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग तोच आवाज म्हणाला, "सहदेव..."

काळूरामला ऐकू आलं नव्हतं, पण त्यानं सहदेवचं तोंड पाहिलं आणि त्याचा दंड धरला.

"कितवी?"

सहदेवनं एक बोट दाखवलं.

"मंग गप रं. दुसरी यिऊ दे. तिसरी यिऊ दे."

ते थांबले. आंब्याची सावली सरकत त्यांच्या पायांवर आली. दुसरी हाक येणार नाही हे सहदेवला कळलं होतं. वीस वर्षांपूर्वी हे गाव असंच थांबलं होतं. त्याला भीती वाटत होती. त्यानं काळूरामचा हात सोडवला, माईक तोंडाशी घेतला आणि म्हणाला, "ओ."

"दादा, घरी चल रं," शेजारी उभी असलेली हिरू म्हणाली.

चल म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

याला चार वर्षं झाली. हिरू लग्न होऊन नेरळला नांदते, बारशांना तिला गायला आवर्जून बोलावतात. काळूरामनं कर्णे विकून टाकले. सहदेव स्टुडिओतच आहे. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून देतो, आणि त्याच्यासारखा कान दुसऱ्या कोणाला नाही असं साहेब सगळ्यांना सांगतात. बोरमाळची टेप त्यानं सुतळीनं बांधून कपाटात तळाशी ठेवली आहे.

परवाची गोष्ट. दुपारचं मुद्रण होतं. गाण्याच्या आधीची शांतता घ्यायची म्हणून कमळाकर साहेब काचेपलीकडे माईकसमोर स्तब्ध बसले होते. अलीकडे यंत्रापाशी सहदेव, कानांवर हेडफोन. चाळीस सेकंद झाली असतील, तेव्हा काचेपलीकडच्या माईकमधून हेडफोनमध्ये हाक आली. एकच.

"कमळाकर..."

तो आवाज सहदेवनं चार वर्षांत ऐकला नव्हता. तो त्याचा स्वतःचा होता.

त्यानं काचेवर हात आपटले. पण साहेब शहरातले, त्यांनी सवयीनं वर पाहिलं आणि म्हणाले, "ओ."

मग ते चमकून त्याच्याकडे बघत काहीतरी विचारायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. सहदेवनं बटण तपासलं. माईक चालू होता.